लेकीची रायफल आणि घरचा हिशेब

बंदूक म्हटलं की आपल्याकडे अजूनही तीनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. पोलीस, सिनेमातला डाकू, नाहीतर मारलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेणारा संस्थानिक. त्या चित्रांत बाई कुठेच नसते, आणि दहावीतली मुलगी तर नाहीच नाही. म्हणून माझी लेक खांद्याला लांबलचक काळी पेटी अडकवून वर्तकनगर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत उभी राहिली, की शेजारची बाई हमखास विचारते, 'गिटार शिकतेस का गं?' तिनं 'रायफल आहे, काकू' असं सांगितलं की काकू दोन पावलं मागे सरकतात. मग हळूच दुसरा प्रश्न येतो, 'केवढ्याला पडली?'

मैत्रिणींनो, आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारण गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय, की एकदा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं. नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ आहे, असं आपण धरून चालतो आणि मुलीला परस्पर 'नाही' म्हणून मोकळ्या होतो. खेळ महाग आहे, यात वाद नाही. पण पैसे कशावर आणि कोणत्या क्रमानं खर्च करायचे हे कळलं, तर मध्यमवर्गीय घरालाही तो अगदीच अशक्य नाही.

'घ्यायचीच तर लांब मारणारी घ्या'

आमच्या घरात रायफलीचा विषय निघाला तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. एका नातेवाइकांचं म्हणणं, 'घ्यायचीच तर लांब मारणारी घ्या, दुर्बीणवाली. पैसे वसूल झाले पाहिजेत.' त्यांच्या डोक्यात शिकारीची रायफल होती. वर्तकनगरच्या पाठीशी येऊरचा डोंगर आहे, त्यामागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान. तेव्हा जंगल आणि बंदूक ही जोडी त्यांना आपोआप सुचली.

पण शिकारीचा जमाना कधीच संपला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेखातर जनावर मारणं हा गुन्हा झाला. छर्ऱ्याच्या बंदुकीनं पाखरं टिपणं हासुद्धा काही पोरखेळ नाही. बहुतेक सगळ्या पक्ष्यांना या कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला. मग तो तिथून जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला. तिथंही बंदूक चालली, पण ती भुलीच्या इंजेक्शनची. बिबट्याला जिवंत पकडून सुखरूप नेलं. आजच्या काळात रायफल विकत घेण्याचं एकच धड कारण उरलंय, ते म्हणजे खेळ. आणि खेळाच्या रायफलीचं मोल ती किती लांब मारते यावर ठरत नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच जागी मारते का, यावर ठरतं.

ऑलिंपिकमधली एअर रायफल फक्त दहा मीटरवरून चालते. समोरचं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं, म्हणजे दहाच्या नाण्याहून जरासं मोठं. त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छर्रा त्या ठिपक्याला नुसता चाटून गेला की दहा गुण, अगदी मधोमध बसला तर १०.९. असे साठ नेम धरायचे, वेळ सव्वा तास. पूर्वी मुलींना चाळीसच नेम असायचे, २०१८ पासून मुलग्यांच्या बरोबरीनं साठ झाले.

याहून लांबचे प्रकारही आहेत. पन्नास मीटरचा तर ऑलिंपिकमध्येच आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, नेमबाजीत असं यश मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी आणलं होतं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडलं. पण पन्नास मीटरच्या रायफलीला खरी काडतुसं लागतात, परवाना लागतो, आणि परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी बारा वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली सराव करता येतो, पण तो क्लबच्या छत्राखाली. त्यामुळे शाळकरी मुलीच्या आईनं विचार करायचा तो दहा मीटरच्या एअर रायफलीचाच.

परवान्याचं काय?

हा सगळ्यांच्या मनातला पहिला धसका. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार, नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट १७७, यापेक्षा जास्त नसेल आणि ताकद वीस ज्यूलच्या आत असेल, तर एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची ताकद जेमतेम साडेसात ज्यूलच्या आसपास असते. 'ही जास्त पॉवरची आहे, लांब जाते' असं सांगून दुकानदार जाड छर्ऱ्याची बंदूक पुढे करू लागला, तर सरळ नको म्हणावं. ती स्पर्धेत चालत नाही आणि वर परवान्याच्या भानगडी. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा, पक्कं बिल घ्यावं, बिलावर रायफलीचा क्रमांक आहे ना हे पाहावं. आमची लेक त्या बिलाची झेरॉक्स, क्लबचं पत्र आणि ओळखपत्र पेटीतच ठेवते. ठाणे स्टेशनवर कुणी पेटी उघडायला सांगितली, तर दोन मिनिटांत काम होतं.

परवाना नाही म्हणजे खेळणं आहे, असं मात्र समजू नका. साडेसात ज्यूलचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. घरात रायफल कुलपात, छर्ऱ्यांचा डबा वेगळ्या कपाटात आणि किल्ली आईकडे, हा आमच्याकडचा नियम आहे. इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात सराव अजिबात नाही.

स्प्रिंग की हवेची टाकी?

रायफली मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत नळी मोडून स्प्रिंग दाबायची. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्या हवेनं छर्रा जातो. स्वस्त आणि दणकट काम. पण दट्ट्या धावला की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच अख्खी रायफल हिसका खाते. तो हिसका दर वेळी सारखाच सोसायचा, हे शिकण्यात नवख्या मुलीचा बराच काळ जातो.

दुसरीत नळीखाली दाबलेल्या हवेची टाकी असते, साधारण दोनशे बारची. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून कल्पना करा. घोडा ओढला की मोजून तेवढीच हवा सुटते, हिसका जवळजवळ नाहीच. मोठ्या स्पर्धांत सगळ्या याच रायफली दिसतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आनशुट्झ ही जर्मन नावं मुलींच्या तोंडी असतात. नव्याचा मला सांगितलेला भाव पावणेतीन लाखांच्या पुढचा होता. भारतीय कंपन्याही आता बनवतात. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्याच अंबरनाथच्या प्रेसिहोल कंपनीच्या एअर रायफली देशभर जातात. किंमत परदेशी रायफलीपेक्षा बरीच कमी, आणि दुरुस्तीला माणूस जवळ.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत 'ओपन साइट' आणि 'पीप साइट' असे वेगळे गट असतात. ओपन साइट म्हणजे साधी उघडी खाच आणि पुढे टोक. पीप साइट म्हणजे बारीक भोकातून पाहून पुढच्या कड्यात काळं वर्तुळ बसवायचं. ओपन साइटचा गट साध्या भारतीय रायफलीवर खेळता येतो. मुलगी या खेळात टिकते का, हे बघायला एवढी सोय पुरते.

आधी मुलगी बसवा, मग रायफल

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. पहिले सहा महिने, जमलं तर वर्षभर, रायफल घेऊच नका. क्लबची वापरा. ठाण्याच्या मुलींना दादरचं सावरकर स्मारक किंवा वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज लोकलनं गाठता येते. पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. या सुमाताईंनी २००४ साली क्वालालंपूरला चारशेपैकी चारशे गुण घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती. क्लबच्या रायफलीवर मुलीची उंची, खांदा, मान, हाताची लांबी यांचा अंदाज प्रशिक्षकाला येतो. त्यावर रायफलीचा दस्ता, गाल टेकवायची पट्टी आणि खांद्याकडची प्लेट ठरते. ब्लाऊजचं माप न देता कापड फाडतो का आपण? हेही तसंच आहे.

कोणता डोळा जास्त चालतो, तेही आधी तपासा. दोन्ही हात लांब करून बोटांचा लहानसा त्रिकोण करायचा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ त्रिकोणातच दिसतं, तो जोरकस डोळा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा जोरकस निघू शकतो. मग डाव्या बाजूची रायफल घ्यायची की झापड लावून उजवीच शिकायची, हे प्रशिक्षकांना विचारून ठरवायचं. दोन-अडीच लाखांची वस्तू घरात आल्यावर हे कळून उपयोग नाही.

वजनाचंही भान ठेवा. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ती झेपेलच असं नाही. रायफल हाताच्या जोरावर पेलायची नसते, कमरेच्या हाडावर कोपर टेकवून हाडांवर तोलायची असते. बाळाला कडेवर घेऊन उभी राहणारी बाई असाच तोल साधते. आमच्या सासूबाईंना रेंजवर नेलं होतं, तेव्हा त्यांनीच ही गोष्ट सगळ्यांत आधी ओळखली.

हिशेबाची वही

आमच्याकडे जमवून जमवून एक लाख होते. माझी भिशी, यांचा दिवाळीचा बोनस आणि एक मोडलेली आवर्ती ठेव. घरात कुरबुर झाली. 'एवढे पैसे बंदुकीत?' हा प्रश्न चार जणांनी चार प्रकारे विचारला. मी वही काढली. थोरल्याच्या अकरावी-बारावीच्या क्लासला सव्वा लाख भरले होते, तेव्हा कुणी हिशेब मागितला नव्हता. क्लास लावल्यावर इंजिनीअरिंगला नंबर लागेलच, अशी हमी तरी कुणी दिली होती? मग मुलीच्याच वेळी पदकाची हमी का मागायची? वही मिटली आणि विषयही मिटला. तसा पूर्ण मिटला नाही, पण आवाज खाली आला.

आता खर्चाची खरी गंमत ऐका. रायफल एकदाच घ्यायची असते, छर्रे रोज लागतात. डब्यात पाचशे छर्रे असतात. मुलगी रोज शंभर नेम धरत असेल तर डबा पाच दिवसांत संपतो, महिन्याला पाच-सहा डबे. त्यावर रेंजची फी, प्रवास, हवा भरणं. सगळे पैसे रायफलीत घातले आणि छर्ऱ्यांना उरलेच नाहीत, तर ती रायफल कपाटातच राहणार. म्हणून रायफलीची किंमत ठरवताना वर्षभराच्या छर्ऱ्यांचे पैसे आधी बाजूला काढायचे, हा माझा सल्ला.

पैसे वाचवायचा सगळ्यात चांगला उपाय मात्र फुकट आहे. त्याला 'ड्राय फायर' म्हणतात. स्पर्धेच्या रायफलीत छर्रा आणि हवा न वापरता नुसता घोडा ओढायची सोय असते. आमच्या हॉलमध्ये दहा मीटर कुठून येणार? पाच मीटरवर भिंतीला पंधरा मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवलाय. अंतर अर्धं, ठिपका अर्धा, डोळ्याला फरक पडत नाही. रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरच्या मालिकेच्या आवाजात तिचा अर्धा तास सराव चालतो. स्प्रिंगच्या रायफलीवर मात्र हे करू नका. छर्ऱ्याशिवाय स्प्रिंग सोडली तर दट्ट्या आपटून खराब होतो.

जुनी घेताना

आम्ही शेवटी जुनी जर्मन रायफल घेतली. डोंबिवलीची एक मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि तिची रायफल रिकामी झाली. जुन्यात दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, हवेची टाकी. तिच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक कंपन्या टाकीला दहा वर्षांचं आयुष्य देतात. मुदत संपलेली टाकी स्पर्धेत चालत नाही आणि वापरणं धोक्याचंही आहे. या टाकीची दोनच वर्षं उरली होती. नव्या टाकीला लागणारे पैसे आम्ही किमतीतून वजा करून मागितले. सांगितलेला भाव एक लाख दहा हजार, सौदा झाला पंच्याऐंशी हजारांना.

दुसरी, नळी. रायफल टेबलावर नीट टेकवून दहा मीटरवरून एकाच ठिकाणी दहा छर्रे मारायला सांगा. सगळी भोकं एकमेकांत मिसळून एकच भोक दिसलं पाहिजे. पसरली तर लगेच नाही म्हणू नका, दुसऱ्या मापाचे छर्रे वापरून बघा. ४.४९, ४.५०, ४.५१ अशी सूक्ष्म मापं मिळतात, आणि एका नळीला एकच माप मानवतं. तरीही पसरली तर मात्र हात जोडून परत यायचं.

जाकीट जुनंच घेतलं, आठ हजारांत. जाड कॅनव्हासचं ते जाकीट पाठीला आधार देतं. जुनं झालं की थोडं मऊ पडतं, पण नियमाची मर्यादा कडकपणावर आहे, मऊपणावर नाही. वाढत्या वयाच्या मुलीला नवं शिवून घेणं म्हणजे दर वर्षी नवा गणवेश. उरलेल्या सात हजारांचे छर्रे आले. वर्षभराचे ते पुरले नाहीतच. पुढचे डबे दर महिन्याच्या किराण्याच्या यादीत तेल-साखरेखाली लिहिले जातात.

तुमच्या गावात रेंज नसेल तर?

हा प्रश्न तालुक्याच्या गावांतल्या मैत्रिणींचा. शाळा-कॉलेजात एनसीसी आहे का, हे आधी बघा. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच झाली. त्यानंतर त्यांनी १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रासाठी रौप्यपदक जिंकलं, पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, खेलरत्नही मिळवलं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात शालेय नेमबाजी स्पर्धांची आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी करा. स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. जिल्ह्याची रायफल संघटना कुठे भरते, तेही तिथंच कळतं. आणि ही संघटनांची साखळी वर जाऊन मिळते त्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष कोण होते ठाऊक आहे? लोकसभेचे पहिले सभापती, आपले ग. वा. मावळंकर. साल १९५१. त्यांच्या नावानं अजूनही नवोदितांसाठी देशपातळीवरची स्पर्धा भरते.

आणि हो, 'पदक मिळालं का?' हे विचारण्याची घाई करू नका. माझ्या लेकीची सुरुवात ६५४ पैकी ५४० च्या आसपास होती, आता ती सहाशेच्या अलीकडे-पलीकडे असते. राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत पोचायला हे पुरेसं नाही, आम्हाला माहीत आहे. पण एक नेम चुकला की रायफल खाली ठेवायची, दोन श्वास घ्यायचे, मागचा नेम विसरायचा आणि पुढचा धरायचा, हे ती शिकलीय. गणिताच्या पेपरात एक उदाहरण अडलं की आता ती रडत बसत नाही, पुढच्याकडे वळते.

टाकीची मुदत पुढच्या मे महिन्यात संपतेय. नव्या टाकीसाठी मी भिशीचा नंबर एप्रिलचा मागून घेतलाय.